एका इंजिनाचे चरित्र

थोर पुरुषांची चरित्रे आपल्याकडे पुष्कळ लिहिली गेली. किल्ल्यांची लिहिली गेली, नद्यांची लिहिली गेली. एखाद्या जुन्या वाड्याचे चरित्र लिहिणाराही भेटतो. इंजिनाचे चरित्र लिहायला मात्र सहसा कोणी बसत नाही. बिचारे काळे, तेलकट, बॉनेटखाली झाकलेले! चालते आहे तोवर त्याची कोणाला आठवण नाही, आणि बंद पडले की पहिल्या शिव्या त्यालाच. तरीसुद्धा एक इंजिन असे होते की, त्याच्या पाठीमागे बसून मुंबईच्या तीन पिढ्या लग्नाला गेल्या, बाळंतपणाला गेल्या, ट्रंका-वळकट्या घेऊन बोरीबंदरावर रात्रीची गाडी पकडायला धावल्या. ते इंजिन म्हणजे ‘फियाट अकराशे’चे, पुढे जिला आपण पद्मिनी म्हणू लागलो त्या गाडीचे.

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला मुंबईत वयाची मर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, दिवाळी तोंडावर आली असताना, ती गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, लोकांनी उसासे टाकले, आणि जो तो एकच वाक्य बोलला : “काय भरवशाची गाडी होती हो!”

आता गंमत अशी की, हे वाक्य बोलणाऱ्यांतल्या पुष्कळांनी तीच गाडी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून वाफा सोडताना पाहिली होती. पावसाळ्यात तिला ढकलले होते. दर दिवाळीच्या सुटीआधी तिला गॅरेजात नेऊन सोडले होते. जे यंत्र इतक्या वेळा बिघडते त्याला भरवशाचे का म्हणायचे? हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर ह्या इंजिनाचा जन्म, त्याचा बांधा, त्याचे पराक्रम आणि त्याची आजारपणे, सगळेच एकदा नीट पाहिले पाहिजे.

१

जन्म इटलीतला, तुरिन शहरातला, सन १९३७ मधला. फियाट ही कंपनी तिथे १८९९ पासून होती. लिंगोत्तो भागातला तिचा कारखाना असा की, गाडी खालच्या मजल्यापासून जुळत जुळत वर चढे आणि थेट छतावर बांधलेल्या गोल रस्त्यावर तिची धाव तपासली जाई. १९३२ मध्ये ह्या कंपनीने ‘बालिला’ नावाची एक छोटी गाडी काढली होती. तिचे इंजिन ९९५ घन सेंटिमीटरचे, वीस अश्वशक्तीचे आणि जुन्या धाटणीचे होते; म्हणजे त्याच्या झडपा, ज्यांना गॅरेजात व्हॉल्व्ह म्हणतात, त्या सिलिंडरच्या कडेला असत. पाच वर्षांनी त्याच गाडीची सुधारलेली आवृत्ती निघाली. तिच्या रचनेत दांते जाकोसा ह्या तरुण अभियंत्याचा मोठा वाटा होता. १९०५ मध्ये जन्मलेला हा माणूस पुढे छोट्या गाड्यांचा जणू कुलगुरू ठरला. ‘तोपोलिनो’ म्हणजे ‘छोटा उंदीर’ ह्या लाडक्या नावाने ओळखली जाणारी चिमुकली फियाट ५०० ही त्याचीच करणी.

नव्या बालिलाच्या पोटात नवे इंजिन होते. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आणि त्यातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरून खाली सरके ७५ मिलिमीटर. वाचकांपैकी एखाद्या शाळकरी मुलाने पाटी घेऊन गुणाकार केला, तर चारही सिलिंडरांची मिळून पोकळी १०८९ घन सेंटिमीटर भरेल. ह्यालाच ढोबळमानाने ‘अकराशे’ म्हणायचे. शक्ती होती बत्तीस घोड्यांची; गाडी ताशी ११० किलोमीटरपर्यंत पळे. त्या काळच्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या गाडीला हे काही थोडे नव्हते.

२

इंजिनाच्या आत काय चालते ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचा एक परिच्छेद सोडून द्यावा. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी भिऊ नये. स्वयंपाकघरात उभे राहूनही ते समजते.

प्रायमस स्टोव्ह आठवा. बारीक भोकातून इंधन जोराने बाहेर येते, हवेत मिसळते आणि जळते. इंजिनातला कार्ब्युरेटर हेच करतो, फक्त पेटवत नाही. पेट्रोल आणि हवा ह्यांचे मिश्रण करून ते सिलिंडरकडे पाठवतो. पिस्टन खाली येताना ते मिश्रण आत ओढतो. वर जाताना ते दाबतो, सुमारे सातव्या हिश्श्यापर्यंत. मग प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण भडकते आणि पिस्टनला खाली ढकलते. पुन्हा वर जाताना पिस्टन जळालेला धूर बाहेर काढतो. चार फेऱ्या, आणि त्यांतली कामाची एकच! म्हणून चार सिलिंडर लागतात. एक जण राबत असताना बाकीचे तिघे आपापली तयारी करतात. एकत्र कुटुंबच म्हणा ना.

ह्या इंजिनाचे वैशिष्ट्य त्याच्या डोक्यात होते. झडपा कडेला न ठेवता सिलिंडरच्या माथ्यावर बसवल्या होत्या, त्यामुळे मिश्रण सरळ आत येई आणि धूर सरळ बाहेर जाई. खालून कॅमचा दांडा लांब काड्यांना उचले, त्या काड्या वरच्या आडव्या हातांना ढकलत आणि ते हात झडपा उघडत. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचे हेड अॅल्युमिनियमचे. बीड झिजेला चिवट, अॅल्युमिनियम उष्णता चटकन वाहून नेणारे. दोन धातूंचे दोन गुण वाटून घेतलेले. क्रँक तीन बेअरिंगांवर फिरे. कॅमचा दांडा साखळीने फिरवला जाई. ह्यापलीकडे त्यात चमत्कार नव्हता.

आणि हाच त्याचा मोठा गुण. १०८९ घन सेंटिमीटरांतून आरंभी बत्तीस, १९५३ नंतर छत्तीस आणि पुढे चाळीसच्या आसपास अश्वशक्ती काढायची, हे काही त्या धातूला पिळून काढणे नव्हे. आजचे एक लिटरचे साधे पेट्रोल इंजिन साठांहून अधिक अश्वशक्ती देते. फियाटच्या इंजिनाला त्या मानाने कामाचा ताण कमी होता; दाब कमी असल्यामुळे हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही ते कुरकुर न करता चाले. युद्धाच्या सावटाखालच्या इटलीत ते उपयोगी पडले, आणि पुढे आपल्याकडे तर फारच.

३

अंगात राखीव ताकद असलेला मनुष्य शांत बसलेला असला तरी पारखी माणसाला ते कळते. ह्या इंजिनाचे पारखी लवकरच भेटले.

१९३९ मध्ये एन्झो फेरारी नावाचा गृहस्थ आल्फा रोमिओ कंपनीतून बाहेर पडला. काही वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीच्या गाड्या काढायच्या नाहीत, असे त्याच्यावर बंधन होते. तेव्हा त्याने नाव न लावता एक गाडी बनवली. आठ सिलिंडर, दीड लिटर. म्हणून तिला म्हणायचे ‘८१५’. आणि आठ सिलिंडर आणले कोठून? अकराशे फियाटची दोन हेडे घेतली, खाली नवा ब्लॉक ओतून घेतला, आणखी काही फियाटचेच भाग वापरले, आणि एकापुढे एक आठ सिलिंडर उभे केले! अशा दोन गाड्या १९४० च्या एप्रिलमध्ये ब्रेश्याच्या शर्यतीत उतरल्या. त्यांतली एक चालवत होता आल्बेर्तो आस्कारी, जो पुढे १९५२ आणि १९५३ मध्ये जगज्जेता ठरला. दोन्ही गाड्या शर्यत पुरी होण्याआधीच थांबल्या, हे खरे. परंतु फेरारीने स्वतंत्रपणे बांधलेल्या पहिल्या गाडीच्या अंगात आपल्या टॅक्सीच्या इंजिनाचे रक्त होते, हेही तितकेच खरे. गिरगावच्या नाक्यावर विडी ओढत उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याला हे कोणी सांगितले असते तर तो हसला असता.

दुसरी कथा युद्धानंतरची. पिएरो दुसिओ ह्या उद्योगपतीने ‘चिझितालिया’ नावाची कंपनी काढली आणि जाकोसालाच गाठून आपल्यासाठी शर्यतीची छोटी गाडी रेखून घेतली. इंजिन अर्थात अकराशेचेच. थोडे घासूनपुसून, दाब वाढवून त्यातून साठच्या आसपास अश्वशक्ती काढलेली. जून १९४७ मध्ये ‘मिल्ले मिलिया’ची, म्हणजे हजार मैलांची शर्यत लागली. चिझितालियाच्या एका उघड्या गाडीत बसला होता तात्सिओ नुवोलारी. वय चोपन्न, प्रकृती खालावलेली, पण इटलीत त्याचे नाव घेतले की मुले खेळ सोडून उभी राहत. मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून तो सर्वांच्या पुढे निघाला. शर्यत संपत आली असता धो धो पाऊस कोसळला, ठिणगीच्या व्यवस्थेत पाणी शिरले आणि गाडी मिसिंग मारू लागली. त्यात वेळ गेला. दुप्पटीहून मोठ्या, तीन लिटरांजवळच्या इंजिनाची बंदिस्त आल्फा रोमिओ घेऊन बियोंदेत्ती पुढे गेला, आणि नुवोलारी दुसरा आला.

जुलैच्या पावसात हिंदमाताजवळ गुडघाभर पाण्यात बंद पडलेल्या टॅक्सीतून उतरून, डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून सदऱ्याच्या टोकाने पुसणारा मुंबईचा ड्रायव्हर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ह्या कथेत काही नवल वाटणार नाही. रोग तोच, रोगीही त्याच कुळातला!

ह्याच चिझितालियाच्या एका बंदिस्त गाडीचे अंग पिनिन फारिनाने घडवले होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ मध्ये आठ मोटारी निवडून कलाकृती म्हणून मांडल्या, त्यांत ती होती. सौंदर्य अर्थात त्या पत्र्याचे. पण त्या पत्र्याखाली हृदय धडधडत होते ते आपल्या ओळखीचेच.

४

तुरिनहून हे इंजिन मुंबईस कसे आले, ह्या प्रश्नाचा धागा सोलापूरला सापडतो. वालचंद हिराचंद दोशी हे १८८२ मध्ये सोलापूरला जन्मले. सिंदिया कंपनीची जहाजे, वालचंदनगरची साखर, बंगलोरचा विमान कारखाना अशी त्यांची धडाडी सर्वश्रुत आहे. मोटार हिंदुस्थानात बनली पाहिजे, हा ध्यासही त्यांनी विश्वेश्वरय्यांच्या जोडीने १९३० नंतरच्या काळापासून घेतला होता. परक्या सरकारने त्या बाबतीत हात आखडता घेतला. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली, कुर्ल्याला कारखाना झाला आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच साली, तिथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकन घाटाच्या होत्या, लांबरुंद आणि पेट्रोल पिणाऱ्या.

पुढे फियाटशी संबंध जुळला. १९५३ मध्ये तुरिनला अकराशेची नवी, आटोपशीर अंगाची आवृत्ती निघाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वालचंद वारले. १९५४ मध्ये ती गाडी कुर्ल्याला आली, तेव्हा पाहायला ते नव्हते.

त्या सुमारास सरकारनेही एक ठाम धोरण घेतले : जो देशात भाग बनवील त्यानेच मोटारी काढाव्यात, पेटीतून सुटे भाग आणून नुसते जुळवणाऱ्यांनी दुकान आवरावे. शिवडीला १९२८ पासून असलेला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. राहता राहिले तीन मुख्य मोटारवाले : कलकत्त्याकडे अँबेसडर काढणारे, मद्रासेस स्टँडर्ड काढणारे, आणि मुंबईत आपले कुर्ल्याचे. अकराशेचा एकेक भाग इथे ओतला, कातला, घासला जाऊ लागला. गाडीने नावेही बदलली : सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ मध्ये डिलाइट, १९७२ मध्ये फियाटशी करार संपल्यावर प्रेसिडेंट, आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीच्या नावावरून पद्मिनी. नावे बदलली, दिवे बदलले, जाळी बदलली. इंजिन तेच राहिले, १०८९ घन सेंटिमीटरचे.

ह्या गाडीच्या एका मालकाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या घरची गाडी नव्हती. मुलांच्या आग्रहावरून १९६४ च्या मॉडेलची फियाट घ्यायचे ठरले. किंमत बारा हजार रुपये; घरात होते सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी पंतप्रधानांनी बँकेकडे कर्जाचा अर्ज केला. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा कर्ज फिटलेले नव्हते. ललितादेवींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती गाडी दिल्लीच्या त्यांच्या स्मारकात जपून ठेवलेली आहे. मोटार म्हणजे काय वस्तू होती, हे त्या कर्जावरून समजावे. ती एकदाच घ्यायची आणि मुलाच्या हाती सोपवायची; दागिन्यासारखी.

आणि दागिना मिळतही नसे लवकर. नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. एक वर्ष नव्हे, कित्येक वर्षे. मुलीच्या बारशाला नोंदवलेली गाडी मुलगी शाळेत जाऊ लागली तरी आली नाही, अशा कथा घराघरांत होत्या. अशा गाडीचे इंजिन बिघडले म्हणून कोणी दुसरी गाडी घेत नसे. ते दुरुस्त करणे हा एकच मार्ग होता. इथूनच आपल्या कथेचा खरा नायक रंगमंचावर येतो, तो म्हणजे मिस्त्री.

५

ताशी पन्नास-साठच्या बेताच्या वेगाने गाडी जात असता इंजिन मिनिटाला तीनेक हजार फेरे घेते असे धरा. म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी. चारांच्या मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या! त्या पाडण्यासाठी डिस्ट्रिब्यूटरमधले दोन इवलेसे पॉइंट सेकंदाला शंभरदा उघडमीट करतात. मुंबई ते पुणे जाईपर्यंत ही उघडमीट दहा लाखांवर जाते. मग ते पॉइंट जळतात, खडबडीत होतात, त्यांच्यामधली फट बदलते ह्यात त्यांचा काय दोष? दोन-चार महिन्यांनी ते घासायचे आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आतली ती फट पत्रीच्या मापाने पुन्हा बसवायची. पत्री जवळ नसली तर जाडसा कागद चाले, आणि घासायला काडेपेटीची काडी ओढायची बाजू.

झडपांचेही तसेच. धातू तापला की फुगतो, म्हणून झडप आणि तिला दाबणारा हात ह्यांच्यात केसाएवढी फट मुद्दाम राखावी लागते. फट वाढली की इंजिन टकटक बोलू लागते. कमी झाली की बोलत नाही, पण झडप नीट मिटत नाही आणि जळून जाते. म्हणून जुने मिस्त्री म्हणत, बोलणारा टॅपेट परवडला, मुका नको. बायकोच्या रागाविषयीही आपले वडीलधारे हेच सांगत आले आहेत.

स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ब्लॉकला टेकवायचे, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचे, ही ह्या मंडळींची नाडीपरीक्षा. हा आवाज टॅपेटचा, हा साखळीचा, हा पिस्टनचा, आणि हा खोल घुमणारा बेअरिंगचा, म्हणजे खर्च मोठा. ह्या विद्येची पदवी कोठे मिळत नव्हती. दहा-बारा वर्षांचा पोऱ्या आधी पाने पुसे, मग पाने हातात देई, मग नट सैल करी; आणि बोलणी खात खात विशीत कधीतरी त्याला ऐकू येऊ लागे. त्या मुलांचे बालपण त्या तेलकट फरशीवर गेले, हेही ह्या चरित्रात नमूद केले पाहिजे.

सर्वांत नाजूक दुखणे डोक्याचे. अॅल्युमिनियमचे हेड आणि बिडाचा ब्लॉक हे दोघे सारखे तापले तरी सारखे फुगत नाहीत. मध्ये पातळ गॅस्केट असते; तीच दोघांत समेट राखते. रेडिएटरमधले पाणी कमी झाले, गाडी तशीच रेटली आणि इंजिन एकदा लालबुंद तापले, की हेड किंचित वाकते, गॅस्केट फुटते आणि पाणी तेलात शिरते. तेलाची सळई बाहेर काढली आणि तिला दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला, की मालकाचा चेहरा पाहावा! मग हेड उतरवायचे, कातशाळेत नेऊन त्याचा तळ सपाट करून आणायचा, नवे गॅस्केट घालायचे आणि नट आवळायचे. हे आवळणे म्हणजेच कसब. मधल्या नटापासून सुरुवात, मग आळीपाळीने बाहेर. एकदम नाही, दोन-तीन खेपांत, इंजिन थंड असताना. घाईने एका कडेचे नट आधी आवळले की केलेले सगळे पाण्यात. मापाचा पाना असे त्याचे ठीक. नसे त्याचे मनगट सांगे.

हेड उतरलेच आहे तर आतली काजळी खरवडायची, झडपा लेप लावून आपापल्या बैठकीत गोल घासायच्या. सिलिंडर झिजून लंबगोल झाले असतील, सायलेन्सरातून निळा धूर येत असेल, इंजिन ऑइल खात असेल, तर ब्लॉकच उचलायचा, बोअर करून घ्यायचा आणि किंचित मोठे पिस्टन घालायचे. फारच झिजला तर आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, ठोकायची आणि पुन्हा पहिल्या मापावर यायचे. मग गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी चिठ्ठी चिकटे, आणि बाळंतिणीसारखी ती काही दिवस सावकाश चाले. सुटे भाग नवे मिळाले नाहीत तर कुर्ल्याचा भंगार बाजार होता, चोरबाजार होता. एका गाडीचे हेड, दुसरीचा ब्लॉक आणि तिसरीचा कार्ब्युरेटर असलेल्या गाड्या मुंबईत बिनतक्रार धावत. साठीतल्या गाडीचा भाग ऐंशीतल्या गाडीला बसत असे, कारण इंजिन बदललेच नव्हते!

घाटाचीही एक परीक्षा असे. पेट्रोलचा पंप इंजिनालाच जोडलेला; मे महिन्यात खोपोली सोडून बोरघाट चढताना तो इतका तापे की नळीतल्या पेट्रोलची वाफ होई आणि पुढे काही जाईना. गाडी बंद. उपाय घरगुती : पंपावर ओले फडके टाकायचे आणि वाट पाहायची. शिंग्रोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर मंडळी नाणे टाकायला थांबत. त्या थांब्यात श्रद्धा होतीच, पण इंजिनालाही विसावा मिळे. मुले करवंदे शोधत, बाया डबे उघडत, वडील रेडिएटरकडे पाहत उभे राहत. उकळत्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडायचे नाही, हा धडा प्रत्येक घरात कोणीतरी हात भाजून घेऊन शिकलेला असे.

६

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ह्याला भरवसा म्हणायचे काय?

‘बिघडत नाही’ ह्या अर्थाने म्हणाल तर मुळीच नाही. इंधन आत सोडण्याचे काम संगणकावर सोपवलेले आजचे इंजिन त्याहून कितीतरी कमी बिघडते, कमी पेट्रोल पिते, कमी धूर सोडते, आणि पॉइंट तर त्याला नसतातच. ह्या बाबतीत जुन्याचे गोडवे गाणे म्हणजे स्वतःची फसवणूक. शिवाय ते इंजिन साठ वर्षांहून अधिक जगले ह्यात सगळा मोठेपणा त्याचाच नव्हता. इटलीत १९६९ मध्येच त्याचे पर्व संपले. पुढच्या चाकांना गती देणारी ‘१२८’ ही नवी गाडी आली, आणि ती घडवणारा पुन्हा जाकोसाच. आपल्या हातचे काम जुने झाले हे ओळखण्याचा मोठेपणा त्याच्यापाशी होता. आपल्याकडे दार बंद होते. बाहेरचे कोणी आत येत नव्हते आणि आतल्यांना बदलायची निकड नव्हती. म्हणून ते इथे आणखी तीस वर्षे चालले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि वर्ष-दोन वर्षांत घरोघरी लोकांना कळले की, सकाळी पहिल्याच किल्लीला सुरू होणारी गाडी असू शकते. १९८५ मध्ये कुर्ल्याहूनही निसानच्या इंजिनाची नवी गाडी निघाली. पण जुनी पद्मिनी टॅक्सीवाल्यांच्या आधाराने शतक संपेपर्यंत तग धरून राहिली. शेवटी शेवटी तिच्या डिकीत गॅसची टाकी आली आणि प्रवाशांच्या बॅगा टपावर गेल्या.

मग लोक भरवशाची म्हणत ते खोटे काय? तेही नाही. भरवसा दोन प्रकारचा असतो. एक, बिघडणारच नाही हा. दुसरा, बिघडले तरी घरी पोहोचू हा. अकराशेच्या इंजिनाने पहिला भरवसा कधी दिला नाही. दुसरा मात्र आयुष्यभर पाळला. त्यात लपवलेले असे काही नव्हते. बॉनेट उघडले की पॉइंट इथे, पंप इथे, प्लग इथे. हात घालायला जागा, आणि दोन-तीन पाने असले की पुरे. रोग काय आहे ते इंजिन स्वतःच आवाजाने, वासाने, धुराने सांगे. आणि ते ऐकणारा कोणीतरी दर दोन मैलांवर बसलेला असे. शिरूरच्या फाट्यावर असो की महाडच्या नाक्यावर, झाडाखाली टायर टांगलेला दिसला की माणसाच्या जिवात जीव येई.

म्हणजे भरवसा निम्मा तुरिनच्या आराखड्यात होता आणि निम्मा त्या झाडाखाली बसलेल्या माणसात. आपण श्रेय सगळे गाडीला दिले. ज्याने पावसात रस्त्यावर पाठीवर झोपून खालचा नट आवळला, ज्याच्या हाताच्या रेषांत ग्रीस कायमचे बसले, त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना आठवते? ‘मिस्त्री’ एवढेच. त्यांतले काही नवी विद्या शिकले. आज ते गाडीला यंत्र जोडून पडद्यावरचे आकडे वाचतात. पुष्कळांना ते जमले नाही. त्यांचे कान शाबूत होते, पण नवी इंजिने त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

अजूनही हौशी मंडळींच्या घरी काही अकराशे जपलेल्या आहेत. खंडेनवमीला पाने-पकडींची पूजा होते, दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, आणि दिवाळीच्या सुटीत मुले-नातवंडे तीत बसून जवळपास कोठे फेरफटका मारून येतात. तुमच्या घरी अशी एखादी असेल, तर यंदा तिला हार घालताना एक फराळाचे ताट तिच्या जुन्या मिस्त्रीच्या घरीही पाठवा. पत्ता वडिलांना विचारा. त्यांना तो नक्की ठाऊक असेल.